न प्यायचं तीर्थ

राजाजीनगरातल्या कल्याण मंटपात त्या रविवारी सकाळी दहाला पाय ठेवायला जागा नव्हती. लग्नाच्या खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मागे सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि सतरंज्या संपल्यावर लोक चपलांच्या ढिगाशेजारीच टेकले होते. उदबत्ती, धूप आणि कापूर असे तिन्ही एकदम पेटवलेले. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं भक्तीचं किती, धुराचं किती, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

तिसऱ्या रांगेत संयोगिता गुडघे चोळत बसली होती. ती आली होती ती थोरल्या बहिणीसाठी, सोयराअक्कासाठी. स्वतःच्या मनाने ती अशा ठिकाणी फिरकली नसती. सत्तावन्न वर्षांची ही बाई एकतीस वर्षं एकच काम करत आली होती. तुटलेला धातू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि तो का तुटला ते लिहून द्यायचं. लिफ्टचा दांडा, बसचा आस, पंपाचं चाक, जे येईल ते. एवढ्या वर्षांत एकाही तुकड्याने तिला खोटं सांगितलं नव्हतं. माणसांबद्दल तिला असं म्हणता आलं नसतं.

व्यासपीठावर नवरानवरीच्या लाल मखमली सिंहासनावर ताम्रानंद स्वामी बसले होते. गळ्यात तांब्याचे मणी, मनगटात तांब्याचं कडं, आणि ओठ माईकला चिकटलेले.

“कॉपर म्हणजे काय?” स्वामींनी विचारलं. “कंडक्टर! करंट वाहतो की नाही? मग कृपा का नाही वाहणार? हे सायन्स आहे, सायन्स! फॉरेनमध्ये याला व्हायब्रेशन म्हणतात, आपल्या ऋषींनी याला ताम्रपट म्हटलं. माणूस विसरतो, डॉक्टर विसरतो. तांबं विसरत नाही! हौदो अल्लवो? खरं की नाही?”

“हौदू!” सगळा हॉल गरजला.

संयोगिता दचकली. ‘विसरत नाही’ हे वाक्य तिने कुठेतरी ऐकलं होतं, अगदी याच चालीत. पण कुठे ते आठवेना, आणि गुडघाही ठणकत होता, म्हणून तिने तो विचार सोडून दिला.

चमत्कार असा होता. तळहाताएवढी तांब्याची पाटी, आरशासारखी लख्ख, आधी पहिल्या दोन रांगांतून हातोहात फिरायची. लोक तिच्यावर बोट फिरवायचे, फुंकर मारायचे, उजेडाकडे तिरपी धरून पाहायचे. अक्षर नाही, रेघ नाही. मग ती पाटी स्वामींकडे जायची. मंत्र व्हायचा. एक सेवक काचेच्या वाडग्यातलं केशरतीर्थ कापसाच्या बोळ्याने तिच्यावर चोळायचा, आणि मिनिट-दोन मिनिटांत कोऱ्या तांब्यातून काळपट अक्षरं वर यायची. त्या कुटुंबाच्या कुलदैवताचं नाव! ज्याचं त्याचं वेगळं.

अक्काच्या आधी धनलक्ष्मी नावाच्या एका बाईचा नंबर होता. तिच्या नवऱ्याला फिट यायची. तिच्या पाटीवर कन्नडमध्ये ‘मारम्मा’ उमटलं तेव्हा ती मोठ्याने रडली.

“आई आली!” स्वामी म्हणाले. “आता तिच्या कामात लुडबूड नको. गोळ्या बंद.”

मग अक्का उभी राहिली. चौसष्ट वर्षांची, जरीकाठी साडी नेसलेली, छातीतल्या गाठीची बातमी कळल्यापासून निम्मी झालेली. डॉक्टरांनी तपासणी करून स्पष्ट सांगितलं होतं, गाठ कर्करोगाची आहे, लवकर कळलंय, काढून टाकली तर बरं व्हायची चांगली आशा आहे, उशीर करू नका. ऑपरेशन येत्या गुरुवारी ठरलं होतं.

पाटीवर तीर्थ फिरलं आणि हळूहळू ‘अंबाभवानी’ अशी अक्षरं वर आली. अक्काने हात जोडले. मग लहानपणापासूनची सवय म्हणून तिने उजव्या तळहाताचा खळगा करून पुढे धरला, तीर्थ घ्यायला.

सेवकाने तिचं मनगट घट्ट पकडून मागे लोटलं. “अय्यो! हे प्यायचं नाही अक्का!”

“उग्र तीर्थ आहे माताजी,” स्वामी घाईने म्हणाले. “हे फक्त ताम्रपटासाठी. देवीनं तुमची गाठ आपल्या हातात घेतली आहे. चाळीस दिवस अंगाला लोखंड लावायचं नाही. सुरी नाही, सुई नाही. सरी? कबूल?”

“सरी स्वामी,” अक्का म्हणाली.

हॉलमध्ये टाळ्या कडाडल्या. संयोगिता मात्र सेवकाच्या बोटांकडे पाहत राहिली. नखांपर्यंत तपकिरी झालेली ती बोटं. आणि तांब्याचे एवढे गोडवे गाणाऱ्या स्वामींनी तीर्थ ठेवलं होतं ते काचेच्या वाडग्यात.

*

अक्काच्या घरी दुपारी ताम्रपट देव्हाऱ्यात विराजमान झाला. शेजारच्या बायका दर्शन घेऊन गेल्या. घरात उरल्या तिघी, अक्का, संयोगिता आणि अक्काची सून नीलिमा. नीलिमा मूळची पुण्याची, मारतहळ्ळीला मोठ्या कंपनीत कामाला. स्वामींचा पत्ता तिनेच शोधून काढला होता.

“मावशी, आय नो, तुम्हाला पटणार नाही,” नीलिमा म्हणाली. “मलाही आधी फेक वाटलं होतं. पण मी स्वतः प्लेट हातात घेऊन बघितली. टोटली ब्लँक होती.”

“नाव नोंदवताना काय काय विचारलं होतं?”

“ऑनलाइन फॉर्म होता. नाव, गाव, आजार, कुलदैवत. संकल्पासाठी लागतं म्हणाले.”

“आणि तारीख कधीची दिली?”

“दहा दिवसांनंतरची. वेटिंग असतं ना.” एवढं बोलून नीलिमा थांबली. हुशार मुलगी होती ती. पण लगेच तिने मान फिरवली. “माझी आई पित्ताशयाच्या ऑपरेशनला हसत गेली होती, मावशी. परत आलीच नाही. मला पुन्हा तसं काही बघायचं नाहीये.”

भीतीला उत्तर देणं संयोगिताला कधीच जमलं नव्हतं. तिने अक्काकडे मोर्चा वळवला. “अक्का, हे रसायन आहे. केशर नाही. गुरुवार चुकवू नकोस.”

“तुझं आयुष्य भेगा बघण्यात गेलं संयू,” अक्का म्हणाली. “चांगल्या वस्तूत सुद्धा तुला आधी भेगच दिसते. देवी आली ती कशी दिसणार?”

हे वाक्य लागलं. संयोगिता देव्हाऱ्याशी गेली, विचारून ताम्रपट हातात घेतला आणि सवयीने त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. कडा गोलसर केलेल्या. खालच्या डाव्या कोपऱ्यात कानशीने पाडलेली एक बारीक खाच.

तिचा अंगठा त्या खाचेवर थांबला.

ती खाच तिच्याच प्रयोगशाळेची होती. धातूचा तुकडा घासून आरशासारखा केला की चहूकडून सारखाच दिसतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तर चित्र उलटंच दिसतं. तुकड्याची वरची बाजू कुठली याचा घोळ होऊ नये म्हणून नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिनेच नियम घातला होता की खालच्या डाव्या कोपऱ्यात एक खाच पाडायची. सव्वीस वर्षं प्रत्येक तुकड्यावर ती खाच दामोदरने पाडली. कडाही तोच गोल करायचा, घासायचं मखमली कापड फाटू नये म्हणून. चार वर्षांपूर्वी दामोदर निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी संयोगिताला रडू आलं होतं, आणि तिला रडू येताना प्रयोगशाळेत कोणी पूर्वी पाहिलं नव्हतं.

‘धातू विसरत नाही’ हे वाक्य कोणाचं तेही आता आठवलं. तिचं स्वतःचंच होतं.

“अक्का,” ती म्हणाली, “उद्या माझ्या लॅबमध्ये ये. ताम्रपट घेऊन. कापणार नाही, तोडणार नाही. नुसतं बघू.”

“एकतीस वर्षांत कधी बोलावलं नाहीस,” अक्का म्हणाली.

“तू तरी कधी विचारलंस?”

अक्काने ताम्रपट तिच्या हातातून परत घेतला. मग अक्का म्हणाली, “येते. पण हा मी नजरेआड होऊ देणार नाही.”

घरी जाताना संयोगिताने दामोदरला फोन लावला. “दामोदरण्णा, उद्या अकराला लॅबमध्ये या. नाव घालायची छिन्नी घेऊन.”

मग दामोदरने विचारलं, “कुठली पाटी सापडली मॅडम?”

*

सोमवारी अक्का रिक्षातून उतरली ती ताम्रपटाची रेशमी पिशवी छातीशी धरूनच. बरोबर नीलिमा होती, तिने सुट्टी टाकली होती. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. एकीत घासायच्या फिरत्या चकत्या आणि पाण्याचे नळ, दुसरीत सूक्ष्मदर्शक. कोपऱ्यातल्या स्टुलावर दामोदर बसला होता, मांडीवर जुनी कापडी पिशवी. अक्काला पाहून तो उठला, नमस्कार केला आणि परत खाली बघत बसला.

संयोगिताने ताम्रपट सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. आधी अक्षर नसलेली जागा.

“बघ.”

अक्काने पदर सावरून डोळा लावला. “अगं,” ती म्हणाली, “हे केवढं छान आहे. रांगोळीच घातलीय कोणी. कण कण, आणि मध्ये सरळ पट्टे.”

“तांबं असंच असतं. सगळे धातू कणांचे बनलेले. प्रत्येक कण आपल्या जागी आरामात. आता हे बघ.” तिने पाटी केसभर सरकवली, ‘अं’च्या पोटात. “इथे?”

“इथे चुरगळलंय. बारीक बारीक रेघा, दाटीवाटीनं. वाकलेत सगळे.”

“इथे कोणीतरी हातोडी मारलीय म्हणून,” संयोगिता म्हणाली. “तू वहीवर जोरात लिहून वरचं पान फाडलंस तर खालच्या पानावर लिहिलेलं उमटलेलं असतं ना? तसं. छिन्नीनं नाव ठोकलं की वर खड्डा पडतो, पण खालचे कणही दबतात, बऱ्याच खोलपर्यंत. मग खड्डा दिसेनासा होईपर्यंत कानशीनं घासायचं, आरशासारखी पाटी करायची. डोळ्याला काही दिसत नाही, बोटालाही लागत नाही. पण दबलेले कण आत तसेच असतात. त्यावर आम्ल चोळलं की दबलेला भाग बाकीच्याहून लवकर खाल्ला जातो आणि काळा पडतो. चोरीच्या स्कूटरवरचा घासून काढलेला नंबर असाच परत वर आणतात.”

तिने कपाटातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. आतलं पाणी केशरासारखं पिवळं होतं. “हे तुझं केशरतीर्थ. फेरिक क्लोराइड आणि थोडं आम्ल. तांब्याच्या भांड्यात ठेवलं तर भांडंच खातं, म्हणून काचेचा वाडगा. कापसानं चोळणाऱ्याची बोटं तपकिरी होतात. आणि प्यायलं तर घसा भाजतो, म्हणून तुझा हात धरला त्यानं.”

नीलिमाने बाटलीकडे पाहिलं आणि हळूच खुर्चीवर बसली. “दहा दिवस,” ती स्वतःशीच म्हणाली. “प्लेट बनवायला लागायचे. फॉर्म भरून नाव मीच दिलं त्यांना.”

“आणि बनवायचो मी,” दामोदर म्हणाला.

सगळ्या त्याच्याकडे वळल्या. दामोदरने सांगितलं ते थोडक्यात असं. त्याचे वडील चिकपेटेत लग्नातल्या भांड्यांवर नावं घालायचे, छिन्नी त्याच्या हातात लहानपणीच आली. घासायचं कसब प्रयोगशाळेने दिलं. निवृत्तीनंतर दिवस खायला उठायचा. स्वामींच्या मठात फुलं द्यायला जायचा, तिथे एकदा सहज करमणूक म्हणून त्याने हा खेळ करून दाखवला. स्वामींनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी पंचवीस कोऱ्या पाट्या घरी पाठवल्या.

“खेळ कुठे शिकलात?” नीलिमाने विचारलं.

उत्तर संयोगिताने दिलं. “माझ्याकडे. दर फेब्रुवारीत विज्ञान दिनाला शाळेची मुलं यायची. एखाद्या मुलाचं नाव ठोकायचं, घासायचं, परत आणायचं. मुलं ओरडायची. मग मी म्हणायची, बघा, धातू विसरत नाही.” ती खिन्नपणे हसली. “अठरा वर्षं हा प्रयोग मी चमत्कारांवर विश्वास ठेवू नका हे शिकवायला केला.”

“मी नुसता घासतो, असं मनाला सांगायचो मॅडम,” दामोदर म्हणाला. “लोक रडायचे, हात जोडायचे. वाटायचं, बरं वाटतंय ना त्यांना. गोळ्या बंद करायला सांगतात ते मला नंतर कळलं.”

“कळल्यावर?”

“कळल्यावरही चाळीसेक पाट्या केल्या.”

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की संयोगिताला त्याच्यावर नीट रागावताही येईना. रागावायला जेवढा जोर लागतो तेवढा तिच्यात उरलाच नव्हता. आता निदान अक्काला तरी पटलं असेल, या आशेने तिने बहिणीकडे पाहिलं.

अक्काने ताम्रपट पिशवीत घातला, दोरी ओढली आणि शांतपणे म्हणाली, “हातोडी यांची असेल. पण देवीनंच यांच्या हातून लिहवून घेतलं नसेल कशावरून?”

संयोगिताने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. एकतीस वर्षांची विद्या तिने टेबलावर मांडली होती, आणि ती एका ‘कशावरून’ने पुसली गेली. तिला वाटलं, आता घरी जावं, पंखा लावावा आणि गुरुवार उलटून जाईपर्यंत झोपावं. पण ही तिची बहीण होती. तिची वेणी अक्काने घातली होती, शाळेत सोडायला अक्का गेली होती. ती मेली तर संयोगिताला या शहरात ‘संयू’ म्हणणारं कोणी उरणार नव्हतं. हे तिने मनात म्हटलं, आणि मग तसंच मोठ्यानेही म्हणून टाकलं.

“तू मेलीस तर मला संयू कोण म्हणणार गं?”

अक्काची नजर हलली. पण ती पिशवी घट्ट धरून बसून राहिली.

तेव्हा दामोदरने आपल्या पिशवीतून एक कोरी तांब्याची पाटी काढली आणि अक्कासमोर ठेवली. “अक्का, तुम्हीच एक शब्द सांगा. देवी कधी लिहिणार नाही असा. तुमच्यासमोर घालतो.”

अक्काने पाटीकडे पाहिलं. मग बाहेर पाहिलं. मग म्हणाली, “गाठ.”

दामोदरने छिन्नी धरली. टिक टिक टिक असा भांड्यांच्या दुकानातला ओळखीचा आवाज खोलीत भरला, आणि दोन अक्षरं पाटीवर खोल उतरली. मग कानशी. मग पाण्याखाली घासकागद, आधी खरखरीत, मग बारीक, मग अगदी तलम. प्रत्येक कागदाला पाटी काटकोनात फिरवायची, आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. शेवटी फिरत्या मखमलीवर. पाऊण तास गेला. अक्का एकदाही उठली नाही. दामोदरने पाटी पुसून तिच्या हातात दिली. सवयीने त्याने कोपऱ्यात खाचही पाडली होती.

अक्काने पाटीवर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. “गेली,” ती म्हणाली.

संयोगिताने तिला हातमोजे घातले, बोळा पिवळ्या पाण्यात भिजवून दिला. “तूच चोळ. मंत्र म्हणायचा तर म्हण, नाहीतर नको.”

अक्काने मंत्र म्हटला नाही. ती चोळत राहिली. आधी तांब्याची झळाळी गेली, मग गुलाबीसर झालं, मग मधोमध एक सावली आली. सावलीला कडा आल्या. ‘गाठ’.

अक्काने बोळा खाली ठेवला.

“रोज आंघोळीला हात लावून बघते मी,” ती म्हणाली. “काल वाटलं लहान झाली. आज सकाळी वाटलं, गेलीच.” मग म्हणाली, “वरून लागत नव्हती, एवढंच.”

नीलिमा उठून तिच्याजवळ गेली आणि खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

“अण्णा, ही काढायची कशी?” अक्काने दामोदरला विचारलं.

“जेवढी खोल गेलीय तेवढं खोल काढायचं अक्का. कमी काढलं तर परत वर येते.”

अक्काने हातमोजे उतरवले, नीट घडी करून ठेवले. “गुरुवारी किती वाजता यायला सांगितलंय?”

“सातला,” नीलिमा म्हणाली. “आई, मी येईन बरोबर. मी आत येईन जिथपर्यंत येऊ देतील तिथपर्यंत.”

“सरी,” अक्का म्हणाली.

*

सहा आठवड्यांनी पुन्हा एक रविवार, पुन्हा तोच हॉल, तोच धूर. फरक इतकाच की सतरंज्या आणखी मागे सरकल्या होत्या. संयोगिताला यायचं नव्हतं. ‘गाठ निघाली, गाठीचा रिपोर्ट चांगला आला, आता आपल्याला काय करायचंय,’ असं ती म्हणालीही. पण अक्काने ऐकलं नाही. डावा हात अजून पुरता वर जात नव्हता, तरी ती जरीकाठी साडी नेसून तयार झाली होती.

स्वामींनी तिला लांबूनच ओळखलं. “या माताजी, या! चाळीस दिवस झाले! सांगा सगळ्यांना. गाठ कुठे आहे?”

अक्काने माईक घेतला. “गेली.”

टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. तो थांबेपर्यंत अक्का थांबली.

“ऑपरेशननं,” ती म्हणाली.

काही जणांनी सवयीने पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि मग शेजाऱ्याकडे पाहून थांबवल्या. स्वामींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यात कोणी राहत नसल्यासारखं.

“आता मला तीर्थ द्या,” अक्का म्हणाली आणि तिने उजव्या तळहाताचा खळगा पुढे धरला.

“माताजी, हे उग्र तीर्थ—”

“देवीचं आहे ना? उभ्या आयुष्यात मी देवळातून तीर्थ न घेता परत गेले नाही. घोटभर द्या. मला सोसणार नाही वाटत असेल तर स्वामी, तुम्ही घ्या. तुमची तपश्चर्या मोठी.”

सेवक वाडगा घेऊन दोन पावलं मागे सरकला. पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, “घ्या की स्वामी.” मग मागून कोणीतरी, मग आणखी कोणी. कन्नडमध्ये, मराठीत, हिंदीत सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, घ्या की.

स्वामींची ध्यानाची वेळ झाली होती. ती अचानक होते. ते बाजूच्या दाराने गेले, आणि त्यांच्या मागे वाडगाही गेला.

मग अक्काबरोबर आलेला दामोदर उठला. सगळ्यांसमोर ‘पाट्या मी करतो’ असं म्हणायला त्याला तीन वेळा घसा खाकरावा लागला. त्याने घरून घासून आणलेल्या पाट्यांवर बाटलीतलं पिवळं पाणी चोळायला देऊन लोकांच्याच हातून अक्षरं वर आणली. ‘मसाला डोसा’ असं आलं तेव्हा लहान-मोठे सगळे हसले.

कोणीतरी माईक संयोगिताच्या हातात दिला. तिने तो तोंडापासून जरा लांब धरला.

“मला भाषण येत नाही,” ती म्हणाली. “हा खेळ मीच शिकवला होता, तेव्हा थोडी लाज मलाही आहे. देव मानायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही. पण कोणी औषध सोड म्हटलं, ऑपरेशन नको म्हटलं, तर हात जोडायच्या आधी प्रश्न विचारा. हे कसं झालं? आमच्यासमोर पहिल्यापासून कराल का? दुसऱ्या कोणी केलं तर होतं का? आमचं नाव तुम्हाला आधीच कोणी सांगितलं होतं? खऱ्या गोष्टीला तपासणीची भीती नसते. मी रोज तपासते, मला माहीत आहे. एवढंच.”

टाळ्या झाल्या त्या तुरळक. निम्मे लोक उठून चपला शोधायला लागले. उरलेल्यांतले बरेच जण बाजूच्या दाराशी रांग लावून उभे राहिले, स्वामींचं ध्यान संपायची वाट बघत. एक गृहस्थ जाता जाता संयोगिताला समजावून गेले, “तुमच्या हातून होतं ते केमिकल आहे हो मॅडम. त्यांच्या हातून होते ती कृपा.” संयोगिताने मान हलवली. वाद घालायला तिच्या गुडघ्यांनी परवानगी दिली नसती.

ती पायऱ्या उतरत होती तेव्हा कोणीतरी तिचा पदर ओढला. धनलक्ष्मी होती. तिने पिशवीतून आपला ताम्रपट काढला, ‘मारम्मा’ लिहिलेला, आणि त्याच्या कोपऱ्यातल्या खाचेवर बोट ठेवलं.

“ही खाच पण त्या पाटीवाल्या अण्णांनीच पाडली का, मॅडम?” तिने मोडक्या मराठीत विचारलं.

“हो.”

धनलक्ष्मीने खालचा ओठ दाताखाली धरला. “नवऱ्याच्या गोळ्या बंद आहेत. सहा आठवडे. परवा गॅसजवळ पडले. हात भाजला. मी म्हटलं, देवी परीक्षा बघते.” तिने ताम्रपट परत पिशवीत टाकला. “परत चालू करू का?”

“आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा,” संयोगिता म्हणाली. “गोळी किती, कुठली, ते त्यांना विचारून. पण उद्या नाही, आज. नवरा कुठे आहे?”

“घरी. एकटेच.”

संयोगिताने अक्काकडे पाहिलं. अक्काने चांगल्या हाताने धनलक्ष्मीचं कोपर धरलंच होतं. दुखरा गुडघा सावरत संयोगिता रस्त्यावर उतरली आणि तिने रिक्षाला हात केला.